एसीची पाठ कोण घासणार?

आतल्या युनिटची जाळी आपण धुतो, रिमोटचे सेल बदलतो, पण बाल्कनीत दिवसरात्र घरघरणाऱ्या त्या पांढऱ्या खोक्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. खरं तर काम तासाभराचं. एक ब्रश, थोडं पाणी आणि जुना टी-शर्ट बस्स. अट मात्र एकच, आणि ती मोडायची नाही.

एप्रिलमधला शनिवार, दुपारचे अडीच. बाहेर ऊन असं, की सोसायटीतली कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरलेली. आठवडाभर ऑफिसच्या एसीत शाल गुंडाळून बसायचं आणि वीकेण्डला स्वतःच्या घरी घामाच्या धारा, असा आमचा उलटा कारभार चालला होता. रिमोटवर आकडा १८. भिंतीवरचा एसी वारा सोडतोय, पण हॉल काही गार होईना. बाल्कनीतलं युनिट मात्र घाट चढणाऱ्या एसटीसारखं घरघरत होतं. मध्येच गप्प बसायचं, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू.

मेकॅनिक बोलावला. तो आला, एसीसमोर हात धरला, मान हलवली आणि निकाल देऊन मोकळा झाला. "मॅडम, गॅस गेलाय. भरावा लागेल. तीन हजार."

माझी रूममेट अकाउंट्सवाली. तिला प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागतो. तिने विचारलं, "गेला म्हणजे कुठे गेला?"

"उन्हाळ्यात उडतो मॅडम."

हे उत्तर काही तिच्या ताळेबंदात बसेना. व्हिजिटचे पैसे देऊन तिने त्याला वाटेला लावलं आणि आम्ही दोघी फुल स्पीड पंख्याखाली एकमेकींची तोंडं बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी वॉचमनकाकांनी एका जुन्या मेकॅनिकदादांना पाठवलं. वय पन्नाशीचं, डावा पाय किंचित ओढत चालणारे. त्यांनी रिमोटला हात लावला नाही की आतल्या एसीला. सरळ बाल्कनीत गेले. मेन स्विच बंद करायला लावला, आउटडोअर युनिट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला आणि जुन्या गोधडीचा तुकडा निघावा तसा मळाचा एक राखाडी पापुद्रा ओढून काढला. धूळ, केस, कपड्यांचे तंतू, कबुतराची पिसं, सगळं एकत्र थापलेलं.

"ताई, हा बघा तुमचा गॅस!"

पाऊण तासाने युनिट धुऊन झालं होतं आणि आणखी अर्ध्या तासात हॉलमध्ये चक्क पांघरूण घ्यावंसं वाटायला लागलं. निघताना दादा म्हणाले, "हे युनिट बाल्कनीत आहे. एवढ्यासाठी पुढच्या वेळी मला बोलवू नका, स्वतः करा." मग बेडरूमच्या खिडकीखाली, ग्रिलच्या बाहेर लटकलेल्या दुसऱ्या युनिटकडे बोट दाखवलं. "त्याला मात्र हात लावायचा नाही. कधीच नाही."

तर मंडळी, दादांच्या या दोन्ही वाक्यांचा अर्थ नीट समजून घेऊ या.

एसी गारवा तयार करत नाही, बॉस!

हा पहिला फंडा. एसी म्हणजे गारवा बनवणारं मशीन, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो फक्त हमाली करतो. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची. आतल्या गार कॉइलवरून हवा जाते तेव्हा पाइपमधला गॅस तिच्यातली उष्णता शोषून घेतो. मग बाहेरचा कॉम्प्रेसर तो गॅस दाबून तापवतो आणि कंडेन्सरमध्ये ढकलतो. कंडेन्सर म्हणजे तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर दाटीवाटीने बसवलेल्या कागदासारख्या पातळ पत्र्या, म्हणजेच फिन्स. बाहेरचा पंखा या फिन्समधून हवा ओढतो, उष्णता हवेत जाते, गॅसचा पुन्हा द्रव होतो आणि पुढच्या फेरीला लागतो.

आता दीड टनाच्या एसीचा हिशेब बघा. एक टन म्हणजे एसीचं वजन नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ओढून घेण्याची ती ताकद. किलोवॅटमध्ये सांगायचं तर साधारण साडेतीन. म्हणजे दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालतो तेव्हा खोलीतून पाच किलोवॅटच्या आसपास उष्णता उपसतो. त्यात त्याने स्वतः खाल्लेल्या विजेची दीडेक किलोवॅटची भर. एकूण साडेसहा किलोवॅट. तीन-चार गीझरच्या तोडीची उष्णता त्या एका खोक्यातून सतत बाहेर पडायला हवी. आणि नेमकी तिची वाटच आपण धुळीने बुजवून ठेवतो.

वाट बुजली की कॉम्प्रेसरला जास्त दाबाने काम करावं लागतं. तो वीज जास्त खातो, गारवा कमी देतो आणि जास्तच तापला तर जीव वाचवण्यासाठी स्वतःच बंद पडतो. थंड झाला की पुन्हा सुरू. आमचं युनिट मध्येच गप्प का बसायचं, याचं उत्तर हे! इन्व्हर्टर एसी असेल तर तो डिस्प्लेवर एखादा एरर कोड दाखवून आपला निषेध नोंदवतो. कॉम्प्रेसर हा एसीमधला सर्वांत महागडा पार्ट. वर्षानुवर्षं असा छळ झाला की तो लवकर निवृत्ती घेतो, आणि त्याचं बिल हातात पडलं की आपल्याला एसीविनाच गारठायला होतं.

समोरून हीरो, मागून झीरो

बहुतेकांचा घोळ इथेच होतो. आपण बाल्कनीत जातो, आउटडोअरच्या समोरच्या पंख्याकडे बघतो, वरच्या पत्र्यावरून फडकं फिरवतो आणि म्हणतो, "ठीक तर आहे!"

घरगुती स्प्लिट एसीच्या आउटडोअरमध्ये हवा साधारणपणे मागून आणि एका बाजूने आत ओढली जाते आणि समोरच्या पंख्यातून बाहेर फेकली जाते. म्हणजे धूळ बसते ती पाठीवर, भिंतीकडच्या बाजूला. समोरून युनिट चकाचक दिसत असतं, तेव्हा मागे गोधडी तयार होत असते. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, हात मागच्या फटीत घाला आणि एक फोटो काढा. फिन्सच्या उभ्या रेघा स्पष्ट दिसल्या तर उत्तम. राखाडी कांबळं दिसलं तर पुढचं वाचा.

शहराप्रमाणे मळाची जातही बदलते. पुण्यात वाकड, हिंजवडी, खराडीकडे जिथे बघावं तिथे बांधकाम, त्यामुळे सिमेंटची धूळ. मुंबईत समुद्राकाठी खारी हवा, ती फिन्स आणि लोखंडी अँगल दोन्ही कुरतडते. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी असेल तर फोडणीचा तेलकट धूर आणि त्यावर चिकटलेली धूळ. आणि कबुतरं? ती तर सगळीकडेच!

आधी एक प्रश्न

हातात ब्रश घ्यायच्या आधी स्वतःला विचारा : हे काम करताना माझे दोन्ही पाय घराच्या आतल्या जमिनीवर असतील का?

बाल्कनीत, गच्चीवर, टेरेसवर युनिट खाली ठेवलेलं आहे आणि तुम्ही आरामात त्याच्याजवळ बसू शकता? पुढे चला. स्टुलावर चढून कठड्यावर वाकावं लागतंय, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढावं लागतंय, छज्जावर एक पाय ठेवावा लागतंय, किंवा रूममेटने मागून टी-शर्ट धरून ठेवावा लागतोय? मग विषय संपला. 'दोन मिनिटांचं तर काम आहे' हे वाक्य तिथे चालत नाही. ही ती एकच अट.

सामानाची यादी

फार काही नाही. मऊ केसांचा रंगाचा ब्रश (नवा, दोन इंची), बाटली धुवायचा लांब दांड्याचा ब्रश, कुंड्यांवर पाणी मारायचा हातपंपाचा स्प्रेअर किंवा साधी नळी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि एक जुनी चादर. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन नंबर. हो, हसू नका. कारण पुढे येतंय.

चला, कामाला लागू या

१. वीज बंद. रिमोटने एसी बंद करणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. एसीचा एमसीबी शोधा आणि खाली पाडा. त्यावर चिकटपट्टी लावून 'काम चालू आहे, हात लावू नका' असं लिहा. घरातली एखादी व्यक्ती ऑफिसातून येऊन 'अरे, ट्रिप झालंय वाटतं' म्हणत तो वर करणारच, हे गृहीत धरा. युनिट नुकतंच चालू असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या.

२. पत्रा उघडायचा नाही. इंटरनेटवर लोक पाच मिनिटांत वरचा पत्रा काढून दाखवतात. तुम्ही काढू नका. आत कपॅसिटर असतो आणि वीज बंद केल्यावरही तो चार्ज धरून ठेवतो. इन्व्हर्टर एसीच्या सर्किट बोर्डवर तर मोठे कपॅसिटर असतात. त्यांचा झटका जिवावर बेतू शकतो. शिवाय स्क्रू काढल्याने वॉरंटीवर पाणी सोडायची वेळ येऊ शकते.

३. आधी कोरडी सफाई. पाणी मारायची घाई नको. गोधडी भिजली की तिचा लगदा होतो आणि फिन्समध्ये खोल जाऊन बसतो. आधी हातमोजे घालून मोठा पापुद्रा हातानेच ओढून काढा. मग रंगाच्या ब्रशने वरून खाली हलक्या हाताने झाडा. कायम फिन्सच्या दिशेने, म्हणजे बहुतेक युनिटमध्ये उभं. आडवा ब्रश मारलात की त्या पातळ पत्र्या मुडपल्याच. फिन्सच्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यामुळे मोजे काढायचे नाहीत. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर ब्रशचं तोंड लावून वापरा.

४. मग पाणी. आउटडोअर युनिट पाऊस झेलायलाच बनवलेलं असतं, त्यामुळे हलक्या धारेने त्याला काही होत नाही. जिथे तांब्याचे पाइप आणि वायर आत जातात, ती बाजू मात्र सांभाळा. तिथे विजेच्या जोडण्या असतात. फिन्सवर वरून खाली, सरळ समोरून पाणी सोडा. तिरकं नको. खाली पडणारं पाणी आधी चहासारखं, मग लिंबू सरबतासारखं आणि शेवटी स्वच्छ दिसेल. दोन-तीन बादल्यांत काम होतं. तेलकट चिकटा असेल तर बादलीत भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाका, स्प्रे करा, दहा मिनिटं थांबा आणि साध्या पाण्याने पूर्ण धुऊन काढा.

५. मागे हात जातच नसेल तर? काही बिल्डिंगांत युनिट भिंतीला इतकं चिकटवलेलं असतं की मागे पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही. अशा वेळी युनिट पुढे ओढायचा मोह होतो. ओढू नका! मागे जोडलेले तांब्याचे पाइप वाकले किंवा जोड सैल झाला, तर आतापर्यंत न गेलेला गॅस खरोखर जाईल. हे काम मेकॅनिकचं. तो पत्रा काढून आतून बाहेर पाणी मारतो, आणि ती पद्धत जास्त चांगलीसुद्धा आहे.

६. सुकू द्या. तासभर तरी थांबा. आजूबाजूची फरशी पुसून कोरडी करा, हात कोरडे करा, मगच एमसीबी वर. सुरू केल्यावर पंख्यातून गरम हवा येईल. घाबरू नका. ती घरातली उष्णता आहे आणि तिने तिथूनच जायचं आहे.

कुरडयांची गोष्ट

आता काकूंचा नंबर कशासाठी ते सांगते. दादांचा सल्ला मनावर घेऊन पुढच्या सीझनला मी एकटीने मोहीम काढली. एमसीबी बंद, मास्क लावलेला, सगळं पुस्तकाप्रमाणे. नळी सुरू केली, चहासारखं पाणी बाल्कनीच्या होलमधून खाली जायला लागलं आणि मिनिटभरात खालून आवाज आला, "अगं ए, कोण आहे ते? माझ्या कुरडया!"

मार्च-एप्रिल म्हणजे वाळवणांचे दिवस, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. खालच्या काकूंनी पहाटे उठून घातलेल्या गव्हाच्या कुरडयांवर आमच्या एसीची वर्षभराची धूळ उतरली होती. मी खाली जाऊन दहा वेळा सॉरी म्हटलं. काकू रागावल्या, मग चहा दिला, आणि शेवटी म्हणाल्या, "आमच्या एसीचंही एकदा बघून जा गं."

तात्पर्य : आधी खाली सांगा, बाल्कनीचं होल कुठे उघडतं ते बघा, युनिटखाली जुनी चादर पसरा म्हणजे गाळ तिच्यातच राहील, आणि पाणी जपून वापरा. निम्म्या सोसायट्या टँकरवर जगतायत. टँकर-बोअरचं जड पाणी फिन्सवर वाळलं की पांढरे डागही पडतात. म्हणून 'एसी गार राहावा' म्हणून रोज युनिटवर पाणी शिंपडायची आयडिया डोक्यातून काढून टाका.

हे उद्योग नकोत!

कार धुवायचं प्रेशर वॉशर : या घरगुती मशीनचा दाब १०० बारच्या पुढे असतो. कारच्या पत्र्याला तो चालतो, कागदासारख्या फिन्स मात्र एका फटक्यात झोपतात. सर्व्हिसवाले जेट पंप वापरतात, पण किती अंतरावरून आणि कोणत्या कोनातून मारायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं.

टॉयलेट क्लीनर, अ‍ॅसिड, कॉस्टिक : अ‍ॅल्युमिनियमला दोन्ही खातात, अ‍ॅसिडही आणि कॉस्टिकही. मळाबरोबर फिन्सही जातील.

तारेची घासणी : अ‍ॅल्युमिनियमवरचं संरक्षक कोटिंग खरवडून निघतं.

प्लॅस्टिकचं कव्हर घालून एसी चालवणं : ही तर नाक दाबून धावण्यातली गत. बंद सीझनमध्येही घट्ट प्लॅस्टिक गुंडाळलं की आत ओल कोंडते आणि गंज लागतो.

बाल्कनीचं गोडाउन करणं : शिफ्टिंगचे खोके, सुटकेसी, गाद्यांचा गठ्ठा युनिटसमोर रचून ठेवलात तर बाहेर फेकलेली गरम हवा फिरून पुन्हा आतच ओढली जाते. मग धुऊन तरी काय उपयोग?

गुटर्गू प्रकरण

आउटडोअर युनिटच्या मागची फट म्हणजे कबुतरांसाठी रेडी पझेशन फ्लॅट. सावली, ऊब, शेजारी कुणी नाही. कबुतरांचा विषय मुंबईत किती तापू शकतो, हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून झालेल्या राड्याने सगळ्यांनी पाहिलं. भावना बाजूला ठेवू या, पण तब्येतीचं काय? वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासावाटे सतत जात राहिली, तर काहींच्या फुप्फुसांना अ‍ॅलर्जीची सूज येते. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस असं त्याचं भारदस्त नाव. वेळेत लक्ष दिलं नाही तर फुप्फुसांचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

म्हणून वाळलेली घाण कोरडी खरवडायची किंवा झाडायची नाही. स्प्रेअरने आधी पूर्ण भिजवा, दहा मिनिटांनी पुठ्ठ्याने उचला आणि पिशवीत बांधून टाका. अशा युनिटवर कोरडा ब्रश किंवा व्हॅक्यूम चालवू नका. साधा कापडी रुमाल पुरणार नाही, एन-९५ मास्क लावा. दमा असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा, त्यात कमीपणा काही नाही. घरट्यात अंडी दिसली तर थोडा धीर धरा. अंडी उबायला साधारण १८ दिवस आणि पिल्लं उडायला पुढचा महिनाभर लागतो. ती गेली की स्वच्छता आणि लगेच जाळी. जाळी युनिटला चिकटवू नका आणि बारीक डासांची नको, हवा खेळली पाहिजे.

मग मेकॅनिक कधी?

युनिट धुतलं, आतली जाळी धुतली (ती उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी धुवायची असते, लक्षात आहे ना?), आणि तरी खोली गार होत नाही, तर फोन करा. पाइपवर बर्फ साचतोय, जोडांपाशी तेलकट डाग दिसतायत, पंखा फिरतच नाही किंवा जळका वास येतोय, तर एसी बंद करून फोन करा. आर-३२ गॅस सौम्य ज्वलनशील असतो आणि काही एसीमध्ये वापरला जाणारा आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन. तिथे घरगुती प्रयोग नकोत. तुमच्या एसीत कोणता गॅस आहे, ते आउटडोअरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

आणि मेकॅनिकने 'गॅस गेला' म्हटलं तर माझ्या रूममेटचा प्रश्न विचारा : कुठे गेला? एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीकेज आहे. आधी ते शोधायचं, बुजवायचं, आणि मगच गॅस भरायचा. लीकेज न दाखवता नुसता गॅस भरणारा पुढच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे पुन्हा येणार, एवढं नक्की.

धुऊन बिल किती कमी झालं, असं सगळे विचारतात. खरं सांगू? आमचं बिल काही अर्ध्यावर आलं नाही. पण पूर्वी दीड तास कोकलूनही न होणारा गारवा अर्ध्या तासात व्हायला लागला, आणि रिमोट १८ वरून २५ वर आला. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाल्या एसींचं डीफॉल्ट सेटिंग २४ अंश ठेवायचा नियम आहे, तो काही उगाच नाही.

आता ते दुसरं युनिट

बेडरूमच्या खिडकीखालचं. तिसरा मजला, दोन लोखंडी अँगल, खाली पार्किंग. त्याचं काय केलं?

दादांना पुन्हा बोलावलं. ते आले, बरोबर एक पोरगा आणि एक मोठी बॅग. खिडकीजवळ जाऊन त्यांनी आधी युनिटकडे बघितलंच नाही. अँगल बघितले. गंज किती, भिंतीतले बोल्ट हलतायत का, हे वाकून, टॉर्च मारून तपासलं. मग बॅगेतून पट्ट्यापट्ट्यांचा बेल्ट काढला आणि त्याचा दोर कशाला बांधायचा, यावर दहा मिनिटं घालवली. खिडकीच्या ग्रिलला नाही. "ग्रिल चार स्क्रूंवर असतं ताई. माणसाचं वजन घेत नाही."

मी म्हटलं, "दादा, बाकीचे तर असेच उतरतात छज्जावर. एका हाताने ग्रिल धरून."

"मीपण तसाच उतरायचो," ते म्हणाले. "अठरा वर्षं. एक दिवस अँगलवर पाय ठेवला आणि अँगलच आला हातात. दुसरा मजला होता म्हणून पायावर भागलं." एवढं बोलून त्यांनी पोराचा बेल्ट पुन्हा एकदा ओढून बघितला.

आपण ऑफिसात बसून ज्या वस्तूला 'आउटडोअर' म्हणतो, ती पंचवीस-तीस किलोंची वस्तू चार बोल्टांवर लोकांच्या डोक्यावर टांगलेली असते. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात असंच एक युनिट वरून कोसळलं आणि खाली स्कूटरवर बसलेल्या एका तरुणाचा जीव गेला. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. आपण तो बघितला, हळहळलो आणि पुढे स्क्रोल केलं. आपल्या खिडकीखालचे अँगल कितीजणांनी तपासले?

म्हणून बाहेर लटकलेल्या युनिटसाठी माणूस बोलावताना 'सर्व्हिस कितीला?' याच्या आधी 'बेल्ट आहे का?' हे विचारा. नसेल तर काम थांबवा. तो म्हणेल, "काही होत नाही ताई, रोजचं आहे." रोजचं आहे म्हणूनच थांबवा. दोन माणसं आणि बेल्ट घेऊन येणारा थोडे जास्त पैसे घेईल, ते देऊन टाका. दोन पिझ्झांचा तो खर्च. घासाघीस करायला भाजी मंडई आहे. आणि अँगल गंजले असतील तर युनिट धुण्याआधी अँगल बदला. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला फोटो पाठवा, सोसायटीला मेल टाका, पण गप्प बसू नका.

त्या दिवशी पोरगा वीस मिनिटं बाहेर होता. दादा खिडकीत उभे राहून दोर धरून होते आणि एकदाही त्यांनी नजर हलवली नाही. तो आत आला, जमिनीवर पाय टेकला, तेव्हा कुठे त्यांनी पाणी मागितलं.

आता आम्ही घर बदलतोय. नव्या फ्लॅटला एसी आम्हीच बसवणार. रूममेटने नेहमीप्रमाणे यादी केली आहे : किती टन, किती स्टार, इन्व्हर्टर की साधा, वॉरंटी किती वर्षांची. त्या यादीत एक प्रश्न मी वर, पहिल्या नंबरवर लिहिलाय. तुम्ही नवा एसी घ्याल तेव्हा दुकानदाराला नाही, पण फिटिंगला येणाऱ्या माणसाला तो जरूर विचारा.

हे युनिट धुवायला जो येईल, तो उभा कुठे राहणार?